डाव्या पायाखाली पाणी: गाडीतली गळती शोधायला मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ | ६ जुलै, रात्री ९.४०

मंडळी, मी चिपळूणचा. गाडी सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. दर दुसऱ्या शनिवारी आईला कुंभार्ली घाटाने कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. तिला दमा आहे. गेल्या महिन्यापासून गाडीचं दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि अर्ध्या तासात तिचा खोकला सुरू होतो. मग एकदा पाटणच्या अलीकडे तिने चपला काढून पाय खाली ठेवले आणि म्हणाली, "अरे, इथे पाणी आहे."

मॅट उचलून कार्पेटवर मूठ दाबली तर बोटांच्या मधून पाणी वर आलं. फक्त पुढच्या सीटखाली, डावीकडे. ड्रायव्हरची बाजू कोरडी.

गॅरेजमध्ये दाखवली. पुढच्या काचेतून येतंय म्हणाले आणि काचेच्या कडेने सिलिकॉन मारून दिलं. चार दिवसांनी पुन्हा ओलं. दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली, त्यांनी त्याच सिलिकॉनवर आणखी एक थर चढवला. दोन्ही मिळून अडीच हजार गेले. काल घाट उतरून आलो तर पुन्हा चिंब. आता अंदाजाने काही करायचं नाही. सुरुवात कुठून करू?

पाना_बारा | ६ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार. सांगलीत पंचवीस वर्षं गॅरेज चालवतोय. सिलिकॉन बाजूला ठेवा, आधी पाणी ओळखा. गाडीत तीन प्रकारचं पाणी येतं.

पहिलं एसीचं. स्वच्छ, वास नाही, हाताला गार लागतं. डॅशबोर्डच्या आत थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते आणि एका छोट्या रबरी नळीने गाडीखाली गळते. ती नळी धुळीने, कधी कोळ्याच्या जाळ्याने तुंबली की पाणी आत, बहुतेक वेळा डावीकडेच उतरतं.

दुसरं रेडिएटरचं, म्हणजे हिटरच्या जाळीतून येणारं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट. बोटाला बुळबुळीत, गोडसर वास, रंग हिरवा नाहीतर गुलाबी. ते जिभेला लावून बघू नका, विषारी असतं.

तिसरं पावसाचं. त्यात माती, पानांचा कुजका वास, सुकल्यावर कार्पेटवर मातकट कडा.

पांढरा टिश्यू पेपर दाबून बघा आणि सांगा. आणि एक वही करा. गाडी कुठे उभी होती, पाऊस होता का, एसी चालू होता का, चालवली की नाही, आणि किती ओलं झालं. आठ दिवस लिहा. गाडीतली गळती डोळ्यांनी सापडण्याआधी वहीत सापडते.

मनीषा_निगडी | ६ जुलै, रात्री १०.५०

कूलंटवरून सांगते. आमच्या जुन्या गाडीत हेच झालं होतं आणि आम्ही दोन महिने ते पावसाचं समजत होतो. खूण अशी होती की काचेवर आतून धुकं यायचं आणि फडक्याने पुसलं की तेलकट पट्टा उरायचा. रेडिएटरच्या बाटलीतली पातळीही हळूहळू उतरत होती. तीही एकदा बघून घ्या. पातळी खाली असेल तर गाडी घाटात नेऊच नका.

दर्यावर्दी | ७ जुलै, सकाळी ७.३०

मालवणहून. एवढी शोधाशोध कशाला? कार्पेटखाली तळाच्या पत्र्याला रबरी बुचं असतात. डावीकडचं एक काढून टाका, आलेलं पाणी खाली निघून जाईल. माझ्या गाडीला दोन पावसाळे तसंच आहे.

पाना_बारा | ७ जुलै, सकाळी ८.०५

दर्यावर्दी, हे मी कुणालाच करू देणार नाही. बूच काढलं तर साठलेलं पाणी जातं हे खरं, पण कार्पेटखालचा फेल्ट पाणी धरून ठेवतो. स्पंज ताटलीत ठेवून ताटलीला भोक पाडल्यासारखं ते होतं. शिवाय रस्त्यावरच्या डबक्यातलं पाणी त्याच भोकातून वर येतं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तुमचा पत्रा आत्तापर्यंत कसा झाला असेल याची मला खरंच काळजी वाटते. एकदा कार्पेट उचलून बघाच.

शाकारणी | ७ जुलै, दुपारी १.२०

मी राजापूरकडचा, वय अडुसष्ट. गाडीतलं मला फार कळत नाही, पण गळती कळते. आमचं घर कौलारू. लहानपणापासून वडिलांबरोबर कौलं परतायला चढायचो. घरात पाणी जिथे टपकतं तिथलं कौल कधीच फुटलेलं नसतं. फुटकं कौल वर असतं. पाणी रिपेवरून सरकतं, वाशावर येतं, वाशाच्या उताराने पाच-सात हात धावतं आणि एखादा खिळा किंवा गाठ भेटली की तिथे सुटतं. खाली पातेलं ठेवणारा माणूस नेमकं डोक्यावरचं कौल बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा भरतं. वडील भर पावसात माळ्यावर बसून ओल्या वाशावरून हात उलटा फिरवत जायचे. तुमच्या गाडीतही वासा कुठला आणि खिळा कुठला ते शोधा.

वाशिष्ठीकाठ | ७ जुलै, रात्री ९.१०

काका, मला हे नीट कळलं. आमचं जुनं घरही कौलारूच होतं.

टिश्यू दाबून बघितला. मातकट डाग, वास कुजक्या पानांचा. बुळबुळीत नाही. रेडिएटरची पातळी जिथल्या तिथे. म्हणजे तिसरं पाणी. वही सुरू केली आहे.

घाटमाथा | ७ जुलै, रात्री ९.४५

चिपळूणची गाडी म्हणून विचारतो, राग मानू नका. २०२१च्या पुरात बुडालेली नाही ना? बुडालेल्या गाडीचा फेल्ट पूर्ण सुकला नसेल तर दर पावसाळ्यात तोच वास परत येतो.

वाशिष्ठीकाठ | ७ जुलै, रात्री ९.५५

नाही. २२ जुलैला गाडी कराडला बहिणीच्या दारात होती. आम्ही इथे होतो, गाडी तिकडे होती.

फोंडेकार | ८ जुलै, सकाळी ११.००

गोव्याहून. माझ्याकडे पाणी डिकीत यायचं, स्टेपनीच्या खड्ड्यात. मागच्या लाल दिव्यामागचं फोमचं गॅस्केट चपटं झालं होतं. दिवा काढला, नवीन गॅस्केट घातलं, वीस मिनिटांचं काम. तुमची जागा पुढची आहे, पण एकदा डिकीचाही खड्डा बघून घ्या. गाडी उतारावर नाक खाली करून उभी राहत असेल तर मागचं पाणीही कार्पेटखालून पुढे येतं.

वाशिष्ठीकाठ | १४ जुलै, रात्री १०.३०

आठवड्याची वही देतो. डिकी कोरडी आहे.

सोमवारी पाऊस नव्हता. गाडी उभी करून एक तास एसी चालवला. खाली जमिनीवर पाण्याचं थारोळं झालं, म्हणजे एसीची नळी मोकळी आहे. आत एक थेंब वाढला नाही.

मंगळवार-बुधवार रात्रभर जोराचा पाऊस. गाडी घरासमोर गुलमोहराखाली, जागा थोडी डावीकडे कलती. सकाळी मॅटखालचा वर्तमानपत्राचा कागद कडेने ओला झालेला.

गुरुवारी तसाच पाऊस, पण गाडी ऑफिसच्या सपाट आवारात. कागद कोरडा.

शनिवारी कराड. कुंभार्लीत वर चढताना पाऊस आणि रस्त्यावरून वाहतं पाणी. हेळवाकला थांबून बघितलं तर कागदाचा लगदा झाला होता. आईला मागे बसवलं होतं.

पाना_बारा | १४ जुलै, रात्री ११.००

शाबास, याने अर्धं काम झालं. काच फुटकी असती तर सपाट आवारातही गळली असती. पावसात उभी असताना थोडं आणि चालताना खूप, याचा अर्थ चाकाने उडवलेलं पाणी यात सामील आहे. आणि गुलमोहर म्हणालात तिथे मी थांबलो. त्याची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून सरळ आत जातात.

बॉनेट उघडून वायपरखालची काळी प्लॅस्टिकची जाळी बघा. काचेवरून उतरलेलं पाणी तिच्याखालच्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांनी खाली उतरतं. बऱ्याच गाड्यांत ते पुढच्या चाकामागे, मडगार्डच्या आत सुटतं. तिथे प्लॅस्टिकचं लायनर, म्हणजे अस्तर असतं. पानं पन्हळीत तुंबली नाहीत तर लायनरच्या मागे जाऊन बसतात. दोन्ही जागा उघडा. पण नुसतं साफ करून थांबू नका. साफ केल्यावर गळती कमी होईल, बंद होईलच असं नाही.

काम असं करा. डावी सीट काढायची, खालचं कार्पेट उचलायचं. सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं किंवा सीटबेल्टच्या ताणाचं असतं. आधी किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, दहा मिनिटं थांबा, मगच ते काढा. आणि ते सुटलेलं असताना किल्ली अजिबात चालू करू नका, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. हे जमणार नसेल तर सीट कुणा माहितगाराकडून काढून घ्या.

मग पाणी सोडायचं, नोझल न लावता, बागेच्या पाइपाने, बारीक धारेने. दाब देऊन धुतात तसं नाही, त्याने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं. सुरुवात खालून: आधी चाकाची कमान, मग दाराचा तळ, मग दार, मग वायपरची जाळी, शेवटी काच आणि छत. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रत्येक जागेला दहा मिनिटं. एक माणूस आत टॉर्च घेऊन आडवा पडलेला हवा.

रानवारा | १५ जुलै, सकाळी ९.२०

दाराचा मुद्दा सुटू नये म्हणून लिहितो. काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत पाणी जाणं हे नेहमीचंच, ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकट डिंकाने बसवलेला असतो. स्पीकर बदलताना तो फाडतात आणि मग पाणी पायरीवरून आत येतं. ओळखायला पायरीच्या पट्टीवर टाल्कम पावडर भुरभुरवा, पाणी आलं की रेघ उमटते. रांगोळी वापरू नका, रंगावर ओरखडे पडतात.

वाशिष्ठीकाठ | २१ जुलै, रात्री ११.१५

सापडलं. सविस्तर लिहितो, कारण दोन महिन्यांनी आज मला शांत झोप लागणार आहे.

रविवारी धाकट्या भावाला कराडहून बोलावलं. सीट त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने काढून दिली. कार्पेट उचललं आणि खाली जे दिसलं ते बघून वाईट वाटलं. तरटासारखा जाड करडा फेल्ट, दोन बोटं उंच, पूर्ण भिजलेला. तो घडी करून बादलीवर पिळला तर पाऊण बादली काळं पाणी निघालं. वरून हात लावल्यावर मला जे ओलं वाटत होतं ते याच्या चतुर्थांशही नव्हतं. पत्र्यावर चार ठिकाणी गंजाचे फोड.

मग वायपरची जाळी काढली. पन्हळीत गुलमोहराच्या पानांचा थर, पण पाणी थोडंफार जात होतं. ते साफ केलं. डावं चाक काढून लायनर सोडलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, हे बघ." मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात पानांचा आणि मातीचा गोळा, शेणखतासारखा काळा, दोन ओंजळी भरतील एवढा. त्यात एका बियाला बोटभर कोंब फुटला होता. इतके दिवस ते सगळं ओलं राहत होतं आणि त्याला चिकटून आतला पत्रा.

तो गोळा लगेच काढला नाही. साफ केल्यावर गळती कमी होईल असं पाना_बारा म्हणाले होते, म्हणून आधी तसंच ठेवून पाणी सोडलं. भाऊ बाहेर पाइप घेऊन, मी आत पाठीवर, डोकं आणि टॉर्च डॅशबोर्डखाली. चाकाच्या कमानीत दहा मिनिटं: काही नाही. दाराचा तळ, दार: काही नाही, पावडर कोरडी. जाळीच्या डाव्या टोकाला धार धरली. तीन मिनिटं, चार मिनिटं. मग टॉर्चच्या उजेडात काहीतरी चमकलं.

डाव्या बाजूच्या पत्र्यातून काळ्या टेपने गुंडाळलेली एक वायर आत येते. तिच्यावर पाण्याचा एक मणी हळूहळू खाली सरकत होता. सरकत सरकत तो प्लॅस्टिकच्या पट्ट्याने वायर जिथे बांधली होती त्या गाठीपाशी आला, तिथे थांबला, फुगला आणि खाली पडला. त्याच्यामागे दुसरा निघाला. शाकारणी काका, तुमचा वासा म्हणजे ती वायर आणि खिळा म्हणजे तो प्लॅस्टिकचा पट्टा. मी आतूनच भावाला ओरडून सांगितलं, पाणी बंद कर, चालू कर, पुन्हा बंद कर. दर वेळी दीड-दोन मिनिटांनी मणी बंद, मणी चालू.

ही वायर फॉगलॅम्पची. तीन वर्षांपूर्वी घाटातल्या धुक्यासाठी बाहेरून बसवून घेतले होते. वायर आत घ्यायला कंपनीने बसवलेल्या ग्रोमेटला, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्याला, ब्लेडने चीर दिली आहे आणि वायर वरून खाली उताराने सरळ आत आणली आहे. नवीन होतं तेव्हा तिथे पाणीच पोहोचत नसावं. पानांचा गोळा साठला, पन्हळीचं पाणी त्याच्या मागे अडून वर चढलं आणि चिरेपर्यंत गेलं. चालताना चाकाचं पाणी त्यात भर घालत होतं.

पुढच्या काचेचा यात काही संबंध नव्हता.

पाना_बारा | २२ जुलै, सकाळी ८.३०

फार समाधान वाटलं. आता दुरुस्ती घाईत करू नका. त्या चिरेवर वरून लांबी (पुट्टी) थापली तर ती वायरीच्या हालचालीने सुटेल. वायर पूर्ण बाहेर ओढा, भोकाच्या मापाचं नवीन ग्रोमेट आणा, वायर त्याच्या मधल्या गळ्यातून घाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरच्या बाजूला भोकाच्या आधी वायरीला खाली झोळ द्या. भोकापेक्षा चार बोटं खाली जाऊन मग वर चढली पाहिजे. पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, चढ चढून आत येणार नाही. घराच्या भिंतीतून केबल आत घेताना जाणता वायरमन तसंच करतो.

ग्रोमेटच्या कडेला ब्युटाइलची काळी चिकट पट्टी लावा. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्यातल्या आम्लाने उघडा पत्रा गंजतो. काचेच्या कडेला मारलेलं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. उद्या खरंच काच बदलायची वेळ आली तर त्यावर काच चिकटवायचं पॉलियुरेथेन धरत नाही.

मनीषा_निगडी | २२ जुलै, सकाळी ९.००

फेल्ट कसा सुकवणार? जुलैत, चिपळूणला? आईंसाठी तोच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. नीट नाही सुकला तर बुरशी राहते.

वाशिष्ठीकाठ | २९ जुलै, रात्री ८.५०

ताई, त्यालाच सर्वांत जास्त वेळ गेला. ऊन नाहीच. पडवीत बांबूच्या कामट्यांवर फेल्ट पसरला, खालून हवा लागेल असा, आणि रात्रंदिवस टेबलफॅन लावला. आधी साध्या पाण्याने तीन वेळा धुतला, चौथ्यांदा पाणी स्वच्छ निघालं. सहाव्या दिवशी मधोमध दाबून टिश्यू कोरडा निघाला, तरी आणखी एक दिवस ठेवला. एका कोपऱ्याला काळी बुरशी होती. तेवढा तुकडा कापून टाकला आणि नवीन फेल्ट जोडला.

गंजाचे फोड तारेच्या ब्रशने घासले, गंजावरचं औषध लावलं, प्राइमर, मग रंग. तळाची रबरी बुचं तपासून परत घट्ट बसवली. नवीन ग्रोमेट बाजारात ऐंशी रुपयांत मिळालं. वायरीला झोळ दिला. मडगार्डमधला गोळा काढून कोपरा धुतला. सीट बसेपर्यंत बॅटरीची तार सोडलेलीच होती, एअरबॅगचा दिवा नीट विझतो.

कार्पेट परत टाकण्याआधी उघड्या पत्र्यावर पुन्हा पाइपाची परीक्षा घेतली, जाळीवर वीस मिनिटं. भाऊ आत होता. म्हणाला, वायर कोरडी, गाठ कोरडी.

दर्यावर्दी | ३० जुलै, सकाळी ७.१५

पाना_बारा, तुमचं ऐकून काल कार्पेट उचललं. डावीकडे बुचाभोवती पत्रा बोटाने दाबला तर आत गेला. वेल्डिंगला टाकली आहे. माझं पाणी कुठून येतं ते आता शोधतोय, आज वहीचा पहिला दिवस.

पाना_बारा | ३० जुलै, सकाळी ७.४०

वेळेत सापडलं, बरं झालं. वेल्डिंगवाल्याला बॅटरीच्या तारा सोडायला सांगा आणि फेल्ट पूर्ण बाहेर काढूनच ठिणगी पाडू द्या, नाहीतर आग लागते. वही झाली की इथेच लिहा.

शाकारणी | ३० जुलै, दुपारी १२.३०

वाशिष्ठीकाठ, आईंची तब्येत कशी आहे? आणि गुलमोहराखालची जागा बदललीत का?

वाशिष्ठीकाठ | ४ ऑगस्ट, रात्री १०.०५

काका, जागा एकच आहे, त्यामुळे गाडी तिथेच. दर रविवारी बॉनेट उघडून जाळी झाडतो, आणि मे अखेरीला लायनर सोडून कोपरा बघायचं कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. गाडी मात्र आता उजवीकडे कलती उभी करतो.

शनिवारी कराडला जाऊन आलो. घाटात तसाच पाऊस होता, एका वळणावर पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं. आई पुढे बसली. जाताना खोकली नाही. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा मी मॅट उचलून कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही बाजूंनी चाचपला, घडी घातली आणि भजी गुंडाळायला घेतला.

रानवारा | ४ ऑगस्ट, रात्री १०.२०

वायरीच्या झोळाचा फोटो टाकाल का? मलाही फॉगलॅम्प बसवायचे आहेत.

वाशिष्ठीकाठ | ४ ऑगस्ट, रात्री १०.३०

उद्या उजेडात चाक वळवून काढतो आणि टाकतो.